बरडावरचं शहर

आमच्या गावाच्या उत्तरेला एक जुनी धावपट्टी होती आणि तिच्यावर विमान सोडून सगळं काही उतरायचं. सोयाबीन उतरायचं, तूर उतरायची, उन्हाळ्यात मिरच्या उतरायच्या. पोलीस भरतीची पोरं पहाटे तिथं धावायची आणि सासऱ्यानं नवी मोटरसायकल दिलेला जावई तिथंच हात साफ करून घ्यायचा. लग्न होऊन मी मारेगावात गेले, तिथल्या शाळेत शिकवायला लागले, तरी हंगामात माहेरी आले की दादा आणि वहिनीबरोबर त्या पट्टीवर तूर पसरायला जायची. आमचं शेत पट्टीला लागूनच होतं.

लागून का होतं, ते सांगायला हवं. धावपट्टी बांधणारे उंचावरची, टणक, मुरमाड जमीन बघतात. आमच्याकडं तिला बरड म्हणतात. आणि आमच्या गावात बरड म्हणजे आम्ही. नाल्याकडची काळीभोर जमीन जुन्या जमीनदार घरांची. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली, पोरं शिकवली, पोटाला चिमटा घेऊन जमीन घेतली, तेव्हा त्यांना मिळाली ती हीच, जिला दुसरं कोणी विचारत नव्हतं. वखर चालवला की दगड वाजायचे. त्यातूनही दादा कापूस काढायचा, पण नाल्याकडच्या वावरांकडं बघताना त्याचा जीव खालीवर व्हायचा. वहिनी अजून सांगते की, तिला बघायला आला तेव्हा हा माणूस तिच्याकडं कमी आणि तिच्या बापाच्या वावरातल्या मातीकडं जास्त बघत होता. पोहे पुढं आले तेव्हा नवरदेवाच्या चिमटीत ढेकूळ होतं.

मग शिवारात खुणांचे खांब लागले आणि बातमी आली की इथं विमानतळ होणार. नुसता विमानतळ नाही, विमानतळाभोवती अख्खं शहर. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये थर्माकोलचा देखावा मांडला होता. गोडाऊनं, शीतगृह, हॉटेलं, दवाखाना, कॉलेज, कचेऱ्या, उंच इमारती आणि मधोमध हाताच्या पंजाएवढं विमान. तो समजावून सांगायला आलेला प्रकल्पाचा साहेब चांगला बोलका होता. तो म्हणाला, आता विमानतळ म्हणजे फक्त चढण्याउतरण्याची जागा राहिलेली नाही, शहरच त्याच्याभोवती वाढतं आणि त्या शहराच्या जोरावर आजूबाजूचा सगळा मुलूख वर येतो. तुम्ही शेती द्या. रस्ते, नाल्या, वीज झाली की त्यातला हिस्सा तयार प्लॉट म्हणून तुम्हाला परत मिळेल. कोणता घ्यायचा ते तुम्हीच ठरवा. कोणाची पाळी आधी, ते चिठ्ठी काढून ठरेल.

दादानं उभं राहून विचारलं, "इमानं किती येतीन साहेब?"

"विमानं नंतर. आधी शहर," साहेब म्हणाला.

मी हबकलेच. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं मी जवळजवळ मोठ्यानं म्हणाले. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं.

पण वहिनीनं ते मनावर घेतलं. मोजणीची माणसं आली तेव्हा त्यांना गावात जेवायला जागा नव्हती. वहिनी त्यांना भाकरी, ठेचा, बेसनाच्या पातोडीची रस्सा भाजी करून घालायला लागली. ती माणसं बोटं चाटत उठायची आणि दुसऱ्या दिवशी चार जास्तीची आणायची. मग रस्त्याचे मजूर आले, तेही तिच्याच चुलीवर. बघता बघता माझ्या वहिनीला खानावळ सुचली. नुसती सुचली नाही, तिनं ती डोक्यात पूर्ण बांधली. पुढं बाया-माणसांना बसायला वेगळी बाकडी, मागं चूल, बाहेर हात धुवायला टाकी. जागासुद्धा तिनं देखाव्यात हेरून ठेवली होती. मुख्य रस्ता टर्मिनलकडं वळतो तो कोपरा. गंमत अशी की तो कोपरा आमच्याच बरडावर येत होता.

"आपलंच वावर, आपल्यालेच परत भेटन," ती मला भाकऱ्या थापता थापता म्हणाली. "मी त्याइले सांगून ठेवलं. हो म्हनले."

दादा खरंच हो म्हणाला होता. माझ्यासमोर म्हणाला होता.

निवडीच्या दिवशी शाळेच्या मैदानात मंडप होता. मी रजा टाकून गेले. बायकांच्या बाजूला वहिनी आणि मी शेजारी शेजारी बसलो. डब्यातून पहिली चिठ्ठी निघाली आणि माईकवर दादाचं नाव आलं. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आमच्या वस्तीतल्या माणसाला गावात कशाचीही पहिली पाळी मिळाल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पाणी असो, रेशन असो, मोजणी असो, आम्ही शेवटी. वहिनीनं माझी मांडी घट्ट धरली. ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते.

दादा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून नकाशापुढं गेला. साहेबानं हातात काठी दिली. दादानं काठी उचलली, कोपऱ्यावर नेली, क्षणभर तिथं धरली. मग ती हळूहळू खाली सरकली. मुख्य रस्ता ओलांडून, इमारती ओलांडून, अगदी नकाशाच्या तळाशी, नाल्याच्या काठी जाऊन थांबली.

"हे," दादा म्हणाला.

साहेब गडबडला. "काका, तो मागचा भाग आहे. रस्त्यावरचा कोपरा मोकळा आहे, बघा."

"मले ठाऊक हाये साहेब. थो बरड हाये. हे काळी हाये."

मंडपात कोणी हसलं नाही, हे मला जास्त लागलं. उलट माणसं माना हलवत होती. बरोबर केलं, असं मागून कोणीतरी म्हणालं. एवढी सगळी कास्तकार माणसं, आणि जमीन निवडा म्हटल्यावर सगळ्यांचं मन एकाच जागी गेलं होतं, मातीवर. मी ताडकन उठले. माझं तोंड फटकळ आहे, ते तिथंही सुटलं असतं. वहिनीनं मनगट धरून मला खाली ओढलं.

"बसा बाई."

"वहिनी, अहो तुमचा कोपरा..."

"बसा म्हनते ना. आज जल्मात पयल्यांदा त्याइले कोनी इचारलं, तुले कोनतं पायजे म्हनून. त्याइच्या तोंडाकडं पाहा."

मी बघितलं. दादा आमच्याकडं वळून हसत होता. आजोबांना जे जमलं नाही, बाबांना जे जमलं नाही, ते त्यानं केलं होतं. नाल्याकाठची काळी आता त्याची होती. इतका आनंदी मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. वहिनीच्या तोंडावरचं हसू मात्र गेलं होतं, आणि ती हात वर करून त्याला दाखवत होती, बरं झालं म्हणून.

दुसरी चिठ्ठी निघाली ती ज्यांची ती काळी पूर्वी होती, त्या घराची. म्हातारे जमीनदार उठले. त्यांचा मुलगा नागपुरात प्लॉटचाच धंदा करतो. तो बापाच्या बरोबरीनं नकाशापर्यंत गेला. त्यांना विचार करायला वेळ लागला नाही. त्यांनी कोपरा घेतला. ज्या घरानं आमच्या बरडाकडं कधी मान वळवून बघितलं नव्हतं, त्यांनी आमचं बरड मागून घेतलं, आणि आम्ही त्यांची काळी मागून घेतली. आणि मंडपात वाटत होतं की जिंकलो आम्ही.

घरी आल्यावर मला राहवलं नाही. दादा ओट्यावर पाय धूत होता.

"दादा, असं काहून केलं तू? वहिनीनं किती वेळा सांगतलं होतं."

"पिढ्यानपिढ्या उरलंसुरलं घेत आलो बाई," तो शांतपणे म्हणाला. "निवडाची पाळी आली, त पुन्हा मुरूमच निवडू का?"

"अरे, तिथं पेरायचं नाहीये दादा. बांधायचंय."

त्याचा तांब्या हातातच राहिला. काळी पिकायला आणि पांढरी राहायला, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. काळ्या मातीत घर उभं केलं की उन्हाळ्यात भिंतीला तडा जातो आणि पावसाळ्यात दार लागत नाही. दादानं स्वतः किती जणांना हे सांगून परावृत्त केलं होतं. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. काठी हातात आली आणि जमीन निवड म्हटलं, तेव्हा ते आठवलं नाही, एवढंच. मी बोलले नसते तर बरं झालं असतं, असं वाटेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर सगळं उतरलं होतं. तो तिथंच ओल्या पायांनी खाली बसला. वहिनीनं आतून हाक मारली, जेवायला वाढलंय म्हणून.

त्यानंतर शहर खरंच उगवायला लागलं. मी दिवाळी-उन्हाळ्याला जायची आणि दर वेळी मला रस्ता विचारावा लागायचा, माझ्याच माहेरी. गोडाऊनं झाली, दिव्यांचे खांब आले, काचेच्या भिंतींचं एक हॉटेल उभं राहिलं. धावपट्टीला कुंपण पडलं, तूर वाळवायची सोय गेली. विमान म्हणाल तर एकदा कोणा मोठ्या साहेबांचं येऊन गेलं, ते बघायला पांढरकवड्यापासून माणसं आली होती.

दादानं प्लॉटवर घराचा पाया काढायला घेतला. खणत गेले, खणत गेले, काळीच. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं तर आपल्याच्यानं होत नाही, असं मिस्त्रीनं सरळ सांगितलं. मग दादानं तिथं तूर पेरली. चांगली कमरेएवढी झाली होती, शेंगा धरल्या होत्या, तेव्हा प्रकल्पाची माणसं येऊन उपटून गेली. नव्या नगरीच्या हद्दीत पेरणी चालत नाही, म्हणाली. म्हणजे त्या काळीत बांधताही येईना आणि पेरताही येईना. मी हे ऐकलं तेव्हा फोनवरच ओरडले. दादा म्हणाला, "जाऊ दे."

दादाला त्या नगरीतच काम मिळालं, हिरवळीचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवत लावायचं होतं आणि बरडावर ते धरेना, म्हणून नाल्याकडची काळी माती टिप्परनं आणून वर अंथरत होते. ती पसरायचं आणि पाणी द्यायचं काम दादाकडं. "हे गवत ढोराले बी घालू देत नाई," तो मला नवलानं सांगत होता. मला रडावं की हसावं कळेना.

गेल्या उन्हाळ्यात गेले तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, दोघंही कोपऱ्यावर असतील. कोपरा म्हणजे तोच. तिथं आता मोठं कॅन्टीन आहे, मजूर, ड्रायव्हर, गोडाऊनचे कारकून, सगळे तिथं जेवतात. पुढं बाकडी, बाहेर हात धुवायला टाकी. म्हाताऱ्या जमीनदारांच्या मुलानं बांधलं आहे. स्वयंपाकाला माझी वहिनी आहे.

मी दारातच थबकले. तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. डोक्याला टोपी घालून ती वाढपाच्या खिडकीमागं उभी होती. मला बघून लाजली, मग म्हणाली, "या बाई. पातोडी हाये आज." म्हातारे जमीनदार एका बाकड्यावर तीच पातोडी खात बसले होते. माझ्या आजीच्या हातचं पाणी त्यांच्या घरात चालत नव्हतं. हे मला एकदम आठवलं, आणि क्षणभर बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि माणसं आत आली. दादाही आला, पायाला चिखल, डोक्याला रुमाल. तो आमच्याकडं आला नाही. काउंटरवर गेला, कूपन घेतलं आणि रांगेत उभा राहिला. लग्न झाल्यापासून दादा वहिनीशिवाय कोणाच्या हातचं मनापासून जेवला नाही, पाहुण्याकडंही घास कसाबसा उतरवायचा. रांग पुढं सरकली. तो खिडकीशी पोचला. काउंटरवरून जमीनदारांचा मुलगा बघत होता.

वहिनीनं हात पुढं केला.

"कूपन," ती म्हणाली.

दादानं ते दिलं. तिनं ते फाडून डब्यात टाकलं आणि ताटात दोन भाकऱ्या ठेवल्या. त्यानं ताटाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि तो पुढं सरकला, कारण मागं माणसं उभी होती. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले, तेव्हा तो खाली मान घालून जेवत होता.

"दादा," मी म्हणाले.

"जेव तू बी," तो म्हणाला. "पयले कूपन घेऊन ये."