धांड्यांच्या कमानी

माझ्या सासऱ्यांना त्यांच्या वडिलांचा पुतळा हवा होता आणि माझ्या भावाने त्यांना ज्वारीचे धांडे दिले. दोन घरांतलं वैर एका वाक्यात सांगायचं तर एवढंच. पण मला एका वाक्यात सांगता येत नाही. मी सुरू झाले की माझी मुलं एकेक करून पाणी प्यायला उठतात.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी साखरखेर्ड्याची, लग्न होऊन जळगाव जामोदला आलेली. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, वडिलांच्या नावाने वाचनालय बांधलं. गवंडी सरकीची गोदामं बांधणारा, त्यामुळे तेही गोदामासारखंच लांबलचक झालं. दोन्हीकडे सागवानी खांबांची रांग, वर टिनं, पश्चिमेच्या भिंतीत उंचावर एक गोल झरोका. माझा भाऊ, दादा, मुंबईत मूर्तिकला शिकलेला, म्हणून पुतळ्याचं काम त्याच्याकडे.

दादा आला आणि नुसता त्या इमारतीत बसून राहिला. मामाजी म्हणाले, "पुतळा करून राह्यला, का सोताच पुतळा होऊन राह्यला?"

मग त्याने आमच्याच वावरातले हिरवे धांडे, कणसं भरायच्या आत, कापून आणवले. जुड्या बांधून समोरासमोरच्या खांबांवर कमानी वाकवल्या. दाराशी पहिली कमान टिनाला टेकलेली, पुढची तिच्याहून ठेंगणी, आणि शेवटची इतकी खाली की वाकल्याशिवाय पलीकडे जाता येऊ नये. पलीकडे काहीच नव्हतं. संध्याकाळी झरोक्यातून ऊन यायचं आणि फरशीवर गोल पडायचं, तेवढंच.

"माहा बाप कुठी हाय?" मामाजींनी विचारलं.

"काकाजी, ही इमारतच माणसाला पुढे पुढे नेते. पुतळा मधे आडवा येईल. ऊन पडतं तिथे वाकून गेलं की आजोबा भेटतात."

"म्हंजे माह्या बापाले उन्हात बसवलं तुमी? जितेपणी वाकलो मी त्याच्यापुढं. आता धांड्यापुढं वाकू?"

"मग सिमेंटचं बुजगावणं आणून उभं करा," दादा म्हणाला. मामाजींनी पायातलं काढायचंच बाकी ठेवलं.

मामाजी माझ्याशी थेट बोलत नसत. सुनेला सांगायचं ते सासूबाईंना सांगत, पण सुनेला ऐकू जाईल अशा बेताने. त्या दिवशीचा बेत बाजारापर्यंत ऐकू गेला. "म्हणा तिले, कोजागिरीपावेतो भावानं हे काढलं नाही, त दुसऱ्या दिवशी मी त्याच्यात बैलं सोडतो. अन् मंग ह्या घरात माहेराचं नाव काढाचं नाही."

मी दादाला हात जोडले. "काढ ना रे. मले दिवाळीले घरी याचं हाय."

"कोजागिरीला माझे गुरुजी मुंबईहून पाहायला येणार आहेत. तोवर एक धांडा हलणार नाही. आत कुणी काही ठेवायचंही नाही. ते रिकामं आहे, म्हणून ते आहे. आणि तू त्यांच्यातलीच झालीस!"

मला कलेतलं कळायचं ते एवढंच, की दोन्हीकडची बोलणी मलाच बसताहेत.

आता, आमच्याकडे कोजागिरी म्हणजे भुलाबाई. महिनाभर मुली मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडून गाणी म्हणतात आणि कोजागिरीला त्यांना ज्वारीच्या धांड्यांच्या माखरात बसवतात. घरोघरी पाच धांड्यांचा माखर. इथे तर अख्खी इमारत धांड्यांची! सासूबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. दादा गुरुजींना आणायला मोटारस्टँडवर गेला आणि सासूबाई गल्लीतल्या बायकामुलींना घेऊन वाचनालयात शिरल्या. मी चुलीपाशी दूध आटवत होते. मला कळलं ते गाणं कानावर आलं तेव्हा.

धावत गेले, तर शेवटच्या कमानीखाली घरोघरच्या भुलाबाया ओळीने बसलेल्या, पुढे हळदकुंकू, खिरापतीचे डबे. दारात दादा आणि गुरुजी. गुरुजी कौतुकाने म्हणाले, "वा! छान सजावट केलीत."

दादाने कोपऱ्यातला विळा उचलला आणि पहिल्या कमानीला लावला. तेवढ्यात मामाजी आडवे आले.

"हात लावून पाह्य! देव बसले हायेत आत."

"उद्या बैल सोडणार होतात ना तुम्ही?"

"तवा धांडे होते बे. आता माखर हाय."

"माखर नाही तो!"

"मंग काय हाय?"

दादाने गुरुजींकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तूच बोलावलंस या सगळ्यांना. दिवाळी पाहिजे होती ना तुला?" विळा टाकून तो गुरुजींबरोबर परतीच्या मोटारीत बसला. मी नाही म्हणेपर्यंत मोटार सुटली.

दुसऱ्या दिवशी भुलाबाया घरी गेल्या आणि मामाजींनी बैल सोडले. माझ्या भावाची कला एवढी मन लावून दुसऱ्या कुणी पाहिली नसेल. बैल शेवटच्या कमानीपर्यंत गेले, आणि वाकायला त्यांना काही कमीपणा वाटला नाही.

मामाजींनी मग माहेराचा विषय सोडून दिला. पण दिवाळीला मला न्यायला कुणी आलंच नाही. भाऊबीजेला दिवस कलताना वाचनालयाचा शिपाई सांगत आला, "तुमचे भाऊ आले बाई, पण ह्या घरात पाय ठेवत नाही म्हणतात." मी ताट पदराआड धरून धावले. दादा ऊन पडायचं तिथेच उभा होता.

"मी नव्हतं रे बोलावलं त्यायले."

"लवकर ओवाळ. मोटार आहे मला."

तेव्हापासून माझी भाऊबीज वाचनालयातच होते. पुढे सिमेंटचा पुतळा आला, तोही नेमका त्याच जागी. दादा त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. मी ओवाळते तेव्हा दिवा दोघांवरून फिरतो.

"ताट इतकं लांब काऊन नेतेस?" तो दर वर्षी विचारतो.

मी म्हणते, हात भरून आला.