परबताईंचं सिरम

परबताई कधी कुणाला प्रयोगाचा निकाल सरळ बघू द्यायच्या नाहीत. मशीनच्या पडद्यावर पट्टी उमटायची वेळ झाली की आपलं जाडजूड रजिस्टर त्या पडद्यासमोर आडवं धरायच्या आणि म्हणायच्या, “आदी बोल, मगे बघ.” कुठल्या खान्यात काळी रेघ येणार, कुठल्यात नाही, हे आधी सांगायचं. त्या ते पेन्सिलीने लिहून घ्यायच्या आणि मगच रजिस्टर बाजूला व्हायचं. “बघून झाल्यावर सगळेच शहाणे,” त्या म्हणायच्या.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा. ताई तिथल्या सर्वांत जुन्या टेक्निशियन. वडील मालवणहून येऊन गिरणीत लागलेले, ताईंचं घर चारकोपला. मी पीएचडीसाठी तिथे आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. त्या हातमोजे चढवत म्हणाल्या, “मराठीत विचार गो. चूक लवकर सापडते.” मला राग आला होता. पण चूक खरंच सापडली.

आमचं काम एका एन्झाइमवर होतं. आपल्या पेशी लागणारी काही अमिनो आम्लं स्वतःच तयार करतात आणि हे एन्झाइम त्यांतलं एक बनवतं. लहान मुलांच्या एका रक्ताच्या कॅन्सरवर असं औषध देतात की रक्तातलं ते अमिनो आम्ल संपतं आणि कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतात. ज्या पेशींत एन्झाइम भरपूर असतं, त्या मात्र घरचं खाऊन तगून राहतात. म्हणून ते किती आहे हे दिसायला हवं, आणि ते दाखवायची अँटिबॉडी ताईंनी केली होती. ती एन्झाइमला चिकटली की पट्टीवर काळी रेघ यायची. सशाला टोचून, महिनोन्‌महिने वाट बघून, त्याच्या रक्तातून काढलेलं ते सिरम. लेबलवर लांबलचक नाव होतं, पण सगळे त्याला परबताईंचं सिरमच म्हणायचे. शोधनिबंधांत ताईंचं नाव शेवटी, आभारांच्या ओळीत असे.

तो ससा सात नंबरचा. त्याच्यासाठी त्या चारकोपच्या बाजारातून गाजराचा पाला आणायच्या. त्याचं शेवटचं, सगळंच रक्त काढलं त्या दिवशी ताई रजा टाकून गोराईच्या जेट्टीवर बसून राहिल्या होत्या, हे त्यांनीच मला सांगितलं. तेव्हापासून त्या सिरमचा थेंब न्‌ थेंब जपायच्या. वापरलेलं पुन्हा ट्यूबमध्ये भरायच्या, एका ट्यूबमध्ये प्रयोगाच्या दहा पाळ्या भागवायच्या, आणि कुणी जास्त मागितलं की ऐकवायच्या, “ससो काय परत येवचो नाय.”

या काटकसरीतच घात होता. ज्यांच्यातून त्या एन्झाइमचा जीनच काढून टाकलाय अशा पेशी दोन वर्षं आमच्या फ्रीजरमध्ये पडून होत्या. सिरम खरं असेल तर त्यांच्यात रेघ येता कामा नये, एवढी साधी परीक्षा. पण त्यासाठी एक पाळी खर्ची घालायला कुणी तयार नव्हतं. खात्रीच्या वस्तूची परीक्षा कशाला घ्यायची?

निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा ताई स्वतःच म्हणाल्या, “जाण्याआधी करून टाकू. माझ्यामागे कुणी शंका काढायला नको.” पहिल्या खान्यात साध्या पेशी, दुसऱ्यात जीन काढलेल्या, अशी पट्टी तयार झाली. रजिस्टर आडवं आलं. मी म्हणाले, “पहिल्या खान्यात येणार, दुसऱ्यात नाही.” त्यांनी ते लिहिलं आणि खाली सही केली.

दोन्ही खान्यांत रेघ होती, सारखीच काळी.

त्या आठवड्यात ताईंनी पहिल्यांदाच हात सैल सोडून सिरम वापरलं. नवी ट्यूब, नव्या पेशी, आणखी दोनदा. रेघ येतच राहिली. सशाचं सिरम एन्झाइमऐवजी त्याच्याच वजनाचं दुसरंच कुठलंतरी प्रोटीन दाखवत होतं. तिसऱ्या पट्टीनंतर त्या स्टुलावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “इतकी वर्सां आपण बघला तां काय होता गो?” दोनच आठवड्यांपूर्वी मी प्रबंध सादर केला होता, आणि त्यातली एकूण एक आकृती याच सिरमची होती.

माझे गाइड असलेले सर म्हणाले, “थिसिस गेलाय ना? मग गप्प बस. ताई आता रिटायरच होतायत, त्यांना कशाला त्रास?” ताईंनी तो त्रास आधीच स्वतःला करून घेतला होता. त्यांनी रजिस्टरमध्ये तारीख घालून लिहून ठेवलं होतं: ‘सिरम चुकीचे. वापरू नये.’

पण ट्यूबा बाहेर तीन ठिकाणी गेल्या होत्या, त्यांतलं एक रुग्णालय. तिथे मुलांच्या रक्ताचे नमुने तपासत होते. उपचार अजून त्यावर ठरत नव्हते, पण पुढे ठरवता यावेत म्हणूनच ती मोजणी चालली होती. शेवटच्या दिवशी ताईंनी माझा हात धरला. “माझ्या पत्राला कोण विचारतंय? तू डॉक्टर होणार. तू तिघांना लिही. पोरांचं रक्त आहे ते.”

मी पत्र लिहिलं. ते पाठवलं नाही. आधी तोंडी परीक्षा होऊ दे म्हटलं, मग नोकरी लागू दे म्हटलं. ताईंचा फोन यायचा.

“पत्र धाडलंस?”

“हो ताई.”

“काय म्हणाले?”

“थँक्यू म्हणाले.”

“बरं झालं. आता झोप लागेल मला.”

दीड वर्षाने ताई गेल्या. मी चारकोपला भेटायला गेले. त्यांच्या मुलीने चहा दिला आणि म्हणाली, “आई शेजारपाजारी तुमचं नाव सांगायची. म्हणायची, चूक सापडली तर लपवणारी नाही ती पोर.” मी चहा प्यायले. कप विसळून ठेवला. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती, आणि तरीही घरी आल्यावर मी ते पत्र उघडून, वाचून, पुन्हा बंद केलं.

गेल्या आठवड्यात, माझ्या प्रबंधावरचं नाव बघून, त्या रुग्णालयातून एका नव्या विद्यार्थिनीचा फोन आला. आवाजात उत्साह होता. “मॅडम, परब सिरमच्या अजून ट्यूबा मिळतील का? आमच्याकडच्या संपत आल्या. रेघ काय झकास येते हो त्याची.”

सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

“बघते,” मी म्हणाले, आणि फोन ठेवला.