मध्यंतरापर्यंतचे सिनेमे

कॅन्टीनच्या मावशींनी बत्तीस वर्षं एकाच थिएटरात काढली आणि तिथला एकही सिनेमा पाहिला नाही. हसू नका, खरं आहे. पडदा आणि मावशी यांच्यामध्ये एक भिंत होती. भिंतीच्या अलीकडे दोन बर्नरची शेगडी, चहाचं मोठं पातेलं, पॉपकॉर्नचं कुरकुरणारं मशीन आणि मावशींना बसायला एक उलटा क्रेट. "सुट्टीच्या दिवशी तरी बघायचा की एखादा!" असं कोणी म्हटलं की मावशी फणकारायच्या, "सुट्टीच्या दिवशी पुन्हा तिथंच तोंड दाखवू? घरची कामं काय तुम्ही येऊन करणार?"

पण सिनेमा त्यांना पाठ असायचा. कानांनी! नवा सिनेमा लागला की पहिल्या खेळाला त्या भिंतीला कान लावून बसत आणि खुणा पक्क्या करून टाकत. अमुक गाणं सुरू झालं की दूध चढवायचं, नायिकेचा बाप ओरडला की चहापत्ती टाकायची, मध्यंतराआधीचं शेवटचं वाक्य आलं की गाळणं हातात घ्यायचं. दारं उघडून गर्दी ओट्यापाशी येईपर्यंत चाळीस ग्लास वाफाळत तयार. इतक्या वर्षांत एकदाही दूध उतू गेलं नाही असं त्या छातीठोकपणे सांगत. दोनदा गेलं होतं, पण ते जाऊ द्या.

मध्यंतरानंतर मात्र नळ सोडून ग्लास विसळायचे. त्या खळखळाटात पुढचं काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. त्यामुळे मावशींचे सगळे सिनेमे मध्यंतराला संपत. पुढची गोष्ट त्या स्वतःच जुळवत आणि कोणी विचारलं तर बिनदिक्कत ठोकून देत.

त्यांच्या आवडीची कारणंही जगावेगळी. एक मारामारीचा सिनेमा आवडायचा, कारण तो बघून लोक तहानेने कासावीस होऊन बाहेर पडत आणि थंड बाटल्यांचा फडशा पाडत. एक विनोदी सिनेमा त्यांना फार जवळचा होता. नवऱ्याचा पाय मोडून तो दवाखान्यात पडला होता तेव्हा हा सिनेमा लागला होता. दिवसातून तीनदा भिंतीपलीकडून सातशे माणसं खदाखदा हसायची. विनोद काय झाला हे मावशींना कधीच कळलं नाही, पण त्याही पातेल्यासमोर उभ्या राहून हसायच्या. त्या हसण्यावर महिना निघाला, असं त्या आजही सांगतात.

आणि सगळ्यांत लाडका होता तो दोन भावांचा सिनेमा. म्हणून तर घात झाला. मावशी निवृत्त होणार असं ठरलं तेव्हा थिएटरचा तरुण मालक म्हणाला, "मावशी, तुमच्या निरोपाला तुमच्या आवडीचा सिनेमा लावू. सकाळचा खेळ फक्त तुमच्यासाठी. घरच्यांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना आणा. कोणता लावू?"

"तो भावांचा!" मावशी पटकन बोलून गेल्या. आणि मालकाची पाठ वळली तशी त्यांनी जीभ चावली. धाकटी बहीण येणार. शेजारच्या खुर्चीवर बसणार. आणि ते वाक्य ऐकणार!

आता हे वाक्य काय, ते सांगितलं पाहिजे. अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मावशींचे वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते आणि त्यांचं सगळं मावशींनी एकटीनं केलं. धाकटी नोकरीसाठी परगावी. "येते, येते" म्हणत राहिली आणि वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पोहोचली. मावशींनी तिला दारातच असं काही सुनावलं की ती आल्या पावली परत गेली. चार वर्षं दोघी एकमेकींचं तोंडही पाहत नव्हत्या. मावशींना रागही यायचा आणि तिची आठवणही यायची, आणि आठवण आली म्हणून आणखी राग यायचा.

चौथ्या वर्षी तो भावांचा सिनेमा लागला आणि नऊ आठवडे हलला नाही. त्यात मध्यंतराच्या अगदी आधी एक खर्जातला, मायाळू आवाज म्हणायचा, "चूक कुणाची ते नंतर बघू. आधी आत ये." मग दार लागल्याचा आवाज, त्यापुढचं पॉपकॉर्नच्या मशीनच्या कुरकुरीत बुडायचं, आणि मध्यंतर. मावशींच्या हिशेबानं मोठ्या भावानं धाकट्याला जवळ केलं होतं. दिवसातून तीनदा ते ऐकून त्या गाळणं उचलत, आणि दर वेळी आधी पदरानं डोळे टिपत.

अशाच एका दुपारी मध्यंतराची गर्दी उसळली आणि त्या गर्दीत धाकटी उभी. हडकलेली, डोळे खाली. मावशींच्या तोंडाशी चार वर्षांच्या शिव्या आल्या, पण तोंडातून निघालं भलतंच. "चूक कुणाची ते नंतर बघू. आधी आत ये." आणि त्यांनी ओट्याची फळी वर केली. धाकटी आत आली. मावशींनी तिच्या हातात फडकं दिलं आणि ती ग्लास पुसायला लागली. तेव्हापासून दोघींचं जे जमलं ते जमलं. धाकटी मागच्याच गल्लीत राहायला आली. आणि घरात काही कार्य निघालं की चारचौघांत ती डोळे पुसत सांगायची, "काय शब्द होते माझ्या ताईचे!" मावशी मान खाली घालून गप्प बसायच्या. शब्द उसने आहेत हे सांगायचं कोणत्या तोंडानं? आणि आता तर जाहीर पंचाईत.

मावशींनी जंग जंग पछाडलं. मालकाला म्हणाल्या, "दुसरा लावा." तो म्हणाला, "आता हा ठरला." बहिणीला म्हणाल्या, "तू कशाला दगदग करतेस? गुडघे दुखतात ना तुझे?" धाकटी म्हणाली, "ताई, गुडघ्यांवर रांगत येईन, पण येईन." शेवटी मावशींनी ठरवलं, वाक्य जवळ आलं की हिला काहीतरी निमित्त काढून बाहेर न्यायचं. वाक्याची वेळ त्यांच्याइतकी कुणाला माहीत होती?

पण सिनेमा पहिल्यांदाच डोळ्यांनी बघणं निराळं. पहिली पंधरा मिनिटं त्यांना काही उमजेना. कोण कोणाचा आवाज? ज्या बाईला त्या म्हातारी समजत होत्या ती चांगली तरुण निघाली. आणि रंग काय, घरं काय, कपडे काय! मावशी हरखून बघत राहिल्या. दूध चढवायचं गाणं येऊन गेलं, बापाचं ओरडणं येऊन गेलं, बाहेर जायचं राहूनच गेलं.

पडद्यावर एक दार उघडलं. दारात तो खर्जातला आवाज उभा होता. मोठा भाऊ नव्हताच तो! सोन्याचे दात, गालावर व्रण, आणि दाराआड काठ्या घेतलेली पाच माणसं. तो खलनायक हसत हसत धाकट्या भावाला म्हणाला, "चूक कुणाची ते नंतर बघू. आधी आत ये." पोरगं आत गेलं. दार धाडकन बंद झालं, आतून किंकाळी आली, आणि मध्यंतर.

दिवे लागले. मावशींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नुसते उसने शब्द नव्हेत, त्या मेल्या सोनेरी दातवाल्याचे शब्द! बाजूला बघायचा धीर होईना. तेवढ्यात बाजूनं खुसखुस ऐकू आली. धाकटी तोंडाला पदर लावून हसत होती. डोळ्यांतून पाणी, आणि हसणं थांबेना.

"हस, हस," मावशी रडवेल्या होऊन म्हणाल्या. "माझं काहीच नव्हतं त्यात. मी त्या मेल्याचं ऐकून बोलले. मला वाटलं, थोरला भाऊ आहे."

"मला ठाऊक आहे गं," धाकटी म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"त्या दिवशी मी तिकीट काढून आतच बसले होते. तुझ्यासमोर यायची हिंमत होईना, म्हणून पहिला अर्धा सिनेमा बघितला. त्यानं त्या पोराला गोड बोलून आत घेतलं, आतून किंकाळी आली, ती ऐकून बाहेर आले, आणि तू तेच म्हणालीस."

"म्हणजे तुला वाटलं, मी..."

"वाटलं म्हणजे? खात्रीच होती. ताई आता आत घेऊन मला चांगली झोडपणार."

"अगं, मग आत आलीस कशाला?"

"म्हटलं, झोडपलं तरी ताईच झोडपणार आहे ना. झोडपून झालं की बोलेल तरी माझ्याशी."

आजूबाजूला लोक चहाला उठले होते, हाका मारत होते. मावशींनी धाकटीच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, चौदा वर्षं उशिरा, आणि मग तिला जवळ ओढून हुंदके देत रडायला लागल्या.