कौसल्याबाईंचं ऊन

“म्हणजे मी अमरावतीले जाऊ नाई?” कौसल्याबाईंनी थेट विचारलं.

रिपोर्ट माझ्या हातात होता. व्हिटॅमिन डी कमी होतं, ते अजून तिथंच. अमरावतीला नातीच्या बाळाचं बारसं महिनाभरावर आलेलं. पण मागच्या हिवाळ्यात साध्या व्हायरलनं कौसल्याबाईंना ऑक्सिजनवर नेलं होतं. त्यांची सून वनिता मागे उभी राहून मला डोळ्यांनीच ‘नाही म्हणा’ सांगत होती.

व्हिटॅमिन डी हाडांना लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. विषाणूशी लढणाऱ्या पेशींनाही ते लागतं. म्हातारपणी कातडी उन्हातून ते कमी बनवते. म्हणून मी कोवळं ऊन लिहून दिलं होतं. उन्हानं भाजून निघणाऱ्या अकोल्यात ऊन लिहून देणारी डॉक्टर म्हणून जुन्या शहरात माझी भरपूर थट्टा झाली, ती वेगळीच.

“आजी, उन्हात बसता की नाही?”

“रोज बसून राहिली ना. खोटं वाटते त फोटो पाहा.”

वनितानं मोबाइल पुढे केला. अंगणात खाट, खाटेवर गादी वाळत घातलेली. मी फोटो मोठा केला. गादीला चष्मा होता. डोक्याला दुपट्टा, अंगात स्वेटर, वरून शाल, पायात मोजे.

“हे काय?”

“मंग उनात मोकळं बसाव काय? ऊन लागते ना. तुमी कोनत्या गावच्या?”

“अकोल्याचीच.”

“मंग तुमाले काहून समजत नाई?”

दुपट्टा बांधल्याशिवाय मीही स्कूटर काढत नाही.

मी ऊन बंद केलं आणि आठवड्याला एक कॅप्सूल दिली.

“आता मले काईच होत नाई,” त्या म्हणाल्या.

“होऊ शकतं. कॅप्सूल घेतली म्हणून विषाणू दारातून परत जात नाही. फ्लूची लस घ्या. तिथं खोकणाऱ्यांपासून लांब बसा. मग जा.”

लस म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. पण अमरावती सुटेल या धाकानं दंड पुढे केला.

बारशाहून त्या ठणठणीत परतल्या. मला फार बरं वाटलं. वनिता मात्र नाक पुसत होती.

“मॅडम, तिकडं अर्धं घर खोकून राहिलं होतं,” ती म्हणाली.

“आणि आजींना काही नाही?”

“कसं होईन?” कौसल्याबाई म्हणाल्या. “मी सांगतलं, खोकनारे सारे आंगनात, उनात बसा. बाळ, बाळाची माय आन् मी घरात.”

वनितानं मान डोलावली. बाळाच्या बापालाही सूट मिळाली नव्हती.

कॅप्सूलनं काम केलं की लशीनं, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. उन्हानं मात्र केलं. फक्त ते मी चुकीच्या माणसाला लिहून दिलं होतं.