बाजूच्या साच्यावरचं नाव

संप कधी संपला, हे आमच्या घरात कुणालाच सांगता आलं नसतं. गिरणीने बाबांना परत बोलावलं नाही, एवढंच खरं. पुढे मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामाला लागलो आणि दादरच्या एका ऑफिसाने टाकून दिलेला घरगुती कॉम्प्युटर लालबागच्या आमच्या खोलीत आणला. बाबांनी एका बोटाने त्यात आपलं अख्खं विणखातं टाइप केलं: साच्याचा, म्हणजे मागाचा नंबर, कामगाराचं नाव, गाव. सगळं एका फ्लॉपीवर.

मग फ्लॉपी चालवणारं कार्ड जळलं. कंपनी बंद, चिप बाजारात नाही, आणि ती फ्लॉपी दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला वाचता येईना. 'करू कधीतरी' म्हणत मी वर्षं घालवली, आणि बाबा विसरायला लागले. रोज एकच प्रश्न: "माझ्या बाजूच्या साच्यार कोण होतो रे?" वीस वर्षं ज्याच्या डब्यातलं खाल्लं, त्याचं नाव आठवेना. चेहरा दिसायचा, नाव नाही, आणि मग ते लहान मुलासारखे रडायचे. खात्यातलं कुणी आसपास उरलं नव्हतं. नाव होतं ते फ्लॉपीवर.

म्हणून नवं कार्ड बनवायला बसलो. जुन्या कार्डाची एकेक रेघ भिंगातून बघून कागदावर उतरवली. न मिळणाऱ्या चिपचं काम साध्या चिपांकडून करून घेतलं. पहिलं कार्ड मुकं निघालं. दुसऱ्यात दोन तारा मीच उलट्या जोडल्या होत्या, आणि म्हणे मी कारागीर! तिसरं चाललं. कोरी फ्लॉपी त्याने बिनचूक लिहिली, बिनचूक वाचली. मी खोलीत एकटाच नाचलो.

मग बाबांची फ्लॉपी पाकिटातून काढली. इतके महिने मी ती उघडून पाहिलीही नव्हती. फ्लॉपीच्या काळ्या कव्हरला एक लांबट खिडकी असते, तिच्यातून आतली चकती वाचली जाते. तिथे बोटसुद्धा लावायचं नसतं. नेमकं तिथेच हळदकुंकवाचं ठसठशीत बोट उमटलं होतं. गिरणीत दसऱ्याला साच्याची पूजा व्हायची. साचा गेला, तर बाबांनी फ्लॉपी पुजली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, अशी माझी गत.

ओल्या कापसाने निघेल तेवढं काढलं. नावं भराभर आली. बाबांचा साचा आला, बाबांचं नाव आलं, आणि खरखर सुरू झाली. पुढची ओळ नुसती प्रश्नचिन्हांची. पुन्हा फिरवली, तर बाबांचंही नाव गेलं. उरलेलं कुंकू चकतीला ओरबाडत होतं. मी बटण बंद केलं. रागावू तरी कुणावर?

बाबा मागेच उभे होते. "माझ्याकडसून काय चुकला काय रे?"

"नाही बाबा. माझं कार्डच बेकार आहे."

खरं तर त्या कार्डाइतकं चोख काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

"मगे दुसरा कर," ते म्हणाले. "तुका येता."

मी भिंग उचललं आणि नसलेली चूक शोधायला बसलो. बाबा स्टुल ओढून शेजारी बसले, नाव निघेल म्हणून.