नाव न घेता केलेली प्रार्थना

आमची आत्या शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, नर्सचे ॲप्रन, पडदे. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली, दोन मशिनं आणि एक स्टूल. कपडे शिवून घ्यायला येणाऱ्यांपेक्षा त्या स्टुलावर बसायला येणारेच जास्त. कुणाला देव सापडत नव्हता, कुणाला सापडून हरवला होता. चर्चमध्ये पाळक होते की, पण त्यांच्यासमोर माणसं इस्त्री करून जातात. आत्याकडे चुरगळलेली यायची.

आलेल्याच्या हातात ती आधी एक जुना कपडा द्यायची. "बोलता बोलता एवढी शिवण उसव बाबा." मान खाली गेली की माणूस खरं बोलतो, असं तिचं म्हणणं. मग नुसती ऐकायची. शेवटी एकच प्रश्न, "हे देवाला सांगितलंस का?" आणि चहा. मला असा राग यायचा! अगं, माणूस एवढ्या लांबून आलाय, दोन शब्द तरी सांग. मला बायबलमधली वचनं तोंडपाठ, चर्चच्या रविवारच्या शाळेत मी शिकवायचे तेव्हा मुलं मला टरकून असायची. हिच्या जागी मी असते तर एकेकाला महिन्याभरात सरळ केलं असतं, असं वाटायचं.

मग आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ती मला म्हणाली, "ती नर्स येते ना दर शनिवारी, तिच्याजवळ तू बस. फक्त बस हं." आमच्याच चर्चमधली ही मुलगी, सासूबरोबर पहिल्या बाकावर बसणारी. तीन शनिवार ती हवापाण्याचं बोलली. चौथ्याला म्हणाली, "ताई, आई गेल्यापासून मला प्रार्थनाच करता येत नाही. दोन वर्षं झाली. चर्चमध्ये मी नुसते ओठ हलवते. घरी कुणाला माहीत नाही."

बुधवारी प्रार्थनासभा होती. माझी पाळी आली. मी डोळे मिटले आणि भरल्या गळ्याने म्हटलं, "प्रभू, दवाखान्यात सेवा करणाऱ्या आमच्या एका बहिणीची दोन वर्षं बंद पडलेली प्रार्थना तू पुन्हा सुरू कर."

नाव घेतलं नाही हं मी! पण आमच्या चर्चमध्ये नर्स होती एकच, आणि तिची सासू माझ्या शेजारी बसली होती. सगळे आमेन म्हणाले, सासू सोडून. आता खरं सांगते. तळमळ होती, नाही असं नाही. पण आता लोक माझ्याकडेही मन मोकळं करतात, हे चार जणांना कळावं, असंही वाटत होतं. तेच जास्त वाटत होतं.

सासूने घरी सगळ्यांसमोर विषय काढला. पुढच्या शनिवारी स्टूल रिकामं राहिलं. मग ती नर्स चर्चलाही येईनाशी झाली. मी निरोप पाठवला, तुझ्या भल्यासाठीच केलं. उत्तर आलं, "हो ताई."

आत्याला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "देवाला पत्ता सांगावा लागत नाही गं." आणि डोळ्यावरच्या काळ्या चष्म्यासकट उठून त्या नर्सची माफी मागायला गेली. चूक माझीच, तिला म्हणाली, मीच तुला माझ्या भाचीच्या हाती सोपवलं. मी घरी थयथयाट केला. मी काय चोरी केली? प्रार्थनाच केली ना! हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिले. माझ्याइतकी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही.

नर्स आत्याकडे कधीमधी जायची, मी नसताना. चर्चला मात्र परत आलीच नाही.

मागच्या वर्षी आत्या त्या नर्सच्याच दवाखान्यात होती. शेवटच्या दिवशी दुपारी तिला बोलता येईना. मी वचन वाचायला पुस्तक उघडलं, तर तिने हाताने मला थांबवलं आणि दाराकडे पाहिलं. दारात ती नर्स उभी होती. ती आत आली, आत्याची उशी सरळ केली, तिचा हात हातात घेतला. मग माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाली, "ताई, आत्यांसाठी प्रार्थना करायचीय. तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मी बाहेर गेले. तिने दार लावून घेतलं.