अँटेना नाही, खरखर काढते

अकोल्यात मी हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचावर, बोलायला लागले की शेजारच्या वकीलकाकांच्या टीव्हीत खरखर यायची. “गच्चीवरची अँटेना काढून टाक,” ते म्हणाले.

“अँटेना नाही काढत काका, खरखर काढते.”

जुन्या कॉम्प्युटरमधल्या पिवळ्या कडीतून अँटेनाच्या केबलचे वेढे घेतले, खरखर तशीच. इलेक्ट्रॉनिक्सचा दुकानदार म्हणाला, “कोणतीबी कडी चालते मॅडम.” चालत नव्हती. माझ्या फ्रिक्वेन्सीवर केबलच्या बाहेरून भरकटणारा करंट अडवेल अशी फेराइट या चुंबकी पदार्थाची कडी हट्टानं शोधून मागवली. त्या काळ्या कडीतून बारा वेढे घेतले, काकांना टीव्हीसमोर बसवलं आणि घरी येऊन रेडिओवर बोलू लागले. 

थोड्या वेळानं ते खिडकीतून ओरडले, “काहून थांबली? बोल ना आता!”

“केव्हाची बोलून राहिली, काका!” मीही तितक्याच जोरात ओरडले.